‘आना’ म्हणजे ये नव्हे

फहाहील, कुवेत
शनिवार, १८ नोव्हेंबर १९७८

मालन,

काल सगळ्यांत आधी आली ती मुमताज. चहा साडेचारचा सांगितलेला, ही चारलाच दारात. मुमताज म्हणजे खालच्या मजल्यावरची, आपल्या दाभोळची. तिला वेळ कळते, पण धीर नाही. मग आले ते वरच्या मजल्यावरचे माल्टाचे लोक, म्हणजे एक लेक आणि त्याची आई, बस्स. लेकाचं नाव झेप्पी. आपल्या चंद्रहासच्या रिफायनरीतला साहेब, त्याच्या वरचा. म्हणून सूनबाई सकाळपासून नुसती पडदे झाडत होती. नर्सची नोकरी करून आलेली बाई, एक दिवस सुट्टीचा, तोही पडद्यांत. मी म्हटलं, शैला, ते चहा पडद्याला पुसणार आहेत काय? तर हसली नाही.

आधी आशीर्वाद लिहायचे राहिले. तर धाकट्या जावेला थोरल्या जावेचे पुष्कळ आशीर्वाद. काशिनाथभावोजींचा गुडघा कसा आहे?

त्या आईचं नाव कार्मनी. माझ्याच वयाची, माझ्याएवढीच जाड, काळा झगा, आणि हात बघशील तर धोब्याचे. बसली तिथं नुसती आंब्याच्या बाठीसारखी गप्प. बोलणार कुणाशी? लेक साहेबाच्या इंग्रजीत, आमची नात तारी तर आता माझ्याशीसुद्धा इंग्रजीत. मी भजी तळायला उठले. तुला माझी सवय माहीत आहे, तेल तापलं की तोंडातून गण येतो. आपल्या घरातला, तुझ्या थोरल्या दिरांचा गण. हे जाऊन नऊ वर्षं झाली, पण भजी तळताना अजून मला त्यांचा ढोलकीचा ठेका ऐकू येतो. तर मी हळूच म्हणत होते, आणि ही बाई उठून स्वयंपाकघरात आली, मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, “आना! आना!”

काय प्रेमळ बाई! आमच्या घरी येऊन दहा मिनिटं झाली नाहीत, तर मलाच आपल्या घरी बोलावते. आणि हिंदीत. मी म्हटलं, हां हां, आएगी. आज सकाळी गेलेसुद्धा. तिला जरा नवल वाटलं, पण पाव दिला, टोमॅटो घासून, वर तेल.

आता काम ऐक. गणाची तिसरी ओळ मला आठवत नाही. दोन ओळी झाल्या की मी ‘हूं हूं’ करते. ह्यांचं गाण्याचं बाड ट्रंकेत आहे. त्यातून तेवढा गण उतरून पाठव. विमानाच्या पत्रानं पाठव, बोटीनं नको. बस, एवढंच.

मुक्ता


कोंडवाडी, ता. संगमेश्वर
१० डिसेंबर १९७८

ती. अक्का यांस मालनचा नमस्कार.

पत्र मिळून बरेच दिवस झाले, पण भाताची झोडणी, मग पेंढा रचणं, त्यात तांबड्या गाईला वासरू झालं. भावोजींचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, गुडघा आहे तसाच आहे. तुम्ही विचारलंत तेवढं त्यांना बरं वाटलं.

अक्का, तुम्ही तिकडे परमुलखात गेलात, सून नोकरीला जाते, हे सगळं समजलं. पण माळ्यावरच्या बाईकडे खायला जाता हे मला बरं दिसलं नाही. माळ्यावर कोण राहतं? भाडेकरू आहेत काय? आणि तिचा लेक चंद्रहासचा साहेब, तर त्याला माळ्यावर का ठेवला?

गणाचं म्हणाल तर बेचाळीस वर्षं तुम्ही तो गण ऐकलात. तिसरी ओळ आठवत नाही हे मला पटत नाही. ट्रंकेला कुलूप आहे. किल्ली ह्यांच्याकडे, आणि हे बहिणीकडे चिपळूणला. आल्यावर बघते.

पावटा यंदा बरा आलाय. वाळवून ठेवते.

मालन


फहाहील
शुक्रवार, २९ डिसेंबर १९७८

मालन, मालन, अगं माळा नव्हे! माल्टा! देश आहे तो, देश! तुझं पत्र मी शैलाला वाचून दाखवलं आणि ती हसून हसून पलंगावर पडली. त्याचं मला बरं वाटलं, पण मी तुला विचारलं काय आणि तू उत्तर दिलंस काय? गाईचं वासरू कळलं. गण कुठाय?

माल्टा म्हणजे समुद्रातलं बेट. तारीनं पृथ्वीच्या गोळ्यावर दाखवलं. मला काही दिसेना. ती म्हणाली, “आजी, इट्स व्हेरी स्मॉल,” आणि नखानं दाखवलं तर तिच्या नखाखाली अख्खा देश झाकला. मोहरीएवढा. आणि त्या मोहरीवर म्हणे सगळ्या जगानं दात ठेवलेले. चारशे वर्षांपूर्वी तुर्कांनी वेढा घातला, उन्हाळाभर तोफा. तो वेढा उठला त्याची आठवण म्हणून अजून त्यांच्या शिमग्यात पोरं दोन बाजू करून लाकडी तलवारींनी नाचतात. हे सगळं मुमताज मला सांगते. सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, “म्हणजे अक्का, तेव्हा आमचेच हरले काय गो?” कार्मनीला तिनं तसंच विचारलं. दोघी एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या.

मुमताजला कळतं कसं, तर तिला दुकानातली अरबी येते, आणि माल्टाच्या बोलीत निम्मी अरबी. पाव म्हणजे खुब्ज, दार म्हणजे बाब, समुद्र म्हणजे बहर. कार्मनी जमियात जाते, ते इकडचं सरकारी वाण्याचं दुकान, आणि आपल्या बोलीत मागते तर तो मिसरी पोऱ्या डोळे विस्फारून देतो सगळं.

आता मुख्य फजिती ऐक, आणि गावात सांगू नकोस. ती मला रोज ‘आना आना’ म्हणायची, मी रोज जायची. सव्वा महिना. ती रोज पाव द्यायची. मागच्या शुक्रवारी मुमताज बरोबर होती. कार्मनीनं पुन्हा थाप मारली, ‘आना!’ मी म्हटलं, अगं आलेच आहे की, अजून किती येऊ? मुमताजनं तिला काहीबाही विचारलं आणि कपाळावर हात मारला. “अक्का, ही तुमाला बोलावत नाय. अरबीत गिना म्हणजे गाणां. ह्यांच्यात पहिला अक्षर पोटात जाता नि ऱ्हाता आना. ही तुमाला गा म्हणता!”

सव्वा महिना मी त्या बाईकडे पाव खायला जात होते, आणि ती बिचारी मी गाईन म्हणून वाट बघत होती. मला लाज वाटली आणि हसूही आलं. आणि मग तिनं गाऊन दाखवलं. मालन, तो ‘आना’ म्हणजे आपला शक्ती-तुराच! दोन गाणारे उभे राहतात. एक चार ओळींत सवाल टाकतो, तिथल्या तिथं जुळवून. दुसरा चार ओळींत जबाब देतो. मधे ढोलकीऐवजी गिटार. रागानं एकमेकांना टोचतात, आणि शेवटी एक समेटाचं कडवं म्हणून हात हातात घेतात. तिचा नवरा मोठा गाणारा होता. दारूच्या दुकानात गायचा, तिथं बायकांनी जायचं नाही. ही बाहेर पायरीवर बसून ऐकायची. आणि बायका गायच्या कुठे? धुण्याच्या टाक्यावर, आणि गच्चीवर कपडे वाळत घालताना, या गच्चीवरून त्या गच्चीवर, अशी वरची पट्टी की मधला रस्ता ओलांडून जाईल. तिनं मला एक ओळ म्हणून दाखवली तर खालचं कबूतर उडालं.

तिच्या राजधानीत चिऱ्याचं मोठं नाटकघर होतं. तिकडे ऑपेरा म्हणतात. आपलं संगीत नाटकच, पण त्यात ‘मीठ दे’ हेसुद्धा गाऊनच मागायचं. ही तिथल्या एका गाणाऱ्या बाईचे कपडे धुऊन न्यायची, पण आत कधी बसली नाही. लढाईत जर्मन विमानांनी ते घर पाडलं. आज सदतीस वर्षं होत आली तरी नुसते दगड उभे आहेत. लढाईत लोक खडकातल्या भुयारांत राहायचे. तेव्हा राज्य इंग्रजांचं, त्यांच्या राजानं अख्ख्या बेटाला मिळून एक पदक दिलं. कार्मनी म्हणते, पदक एक आणि उपाशी तोंडं लाखोंनी.

तर तिनं मला सवाल टाकलाय. मुमताजनं करून दिला तो असा: गवयांचं मोठं घर होतं, त्यावर बाँब पडला, गवई पळाले, दगडावर दगड राहिला नाही, सांग गो शेजारणी, त्या दिवसापासून गाणं राहायला कुठं गेलं?

मी तुर्‍यावाल्या शाहिराची बायको. मला जबाब देता आला नाही. मी ‘हूं हूं’ केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. ह्यांच्या बाडात असले भेदिक सवाल-जबाब पानंच्या पानं आहेत. मारुतीच्या देवळाच्या जत्रेत असाच एक सवाल होता, देऊळ पडलं तर देव कुठं, असा. त्याचा जबाब शोध. आणि गणसुद्धा. आता गंमत नाही ही.

चंद्रहासला सांगितलं तर म्हणतो, “आई, साहेबाच्या आईबरोबर तू बाल्या नाचाची गाणी म्हणणार? मंडळाच्या हळदीकुंकवाला नाट्यगीतं आहेत, ती ऐक.” आणि वर तो झेप्पी कार्मनीला म्हणतो, ते गुत्त्यातलं गाणं इथं नको, मी तुला ऑपेराची तबकडी आणून देतो. दोघांनी एका शाळेत शिक्षण घेतलं असावं.

मुक्ता


कोंडवाडी
२० जानेवारी १९७९

ती. अक्का यांस नमस्कार.

माल्टा कळला. मास्तरांना विचारला, त्यांनी नकाशात दाखवला. मलाही दिसला नाही.

यंदा आंब्याला मोहोर चांगला, पण धुकं पडतंय. वासराचं नाव आना ठेवलंय, पोरांना ते फार आवडलं. ह्यांनी गुडघ्याला बिब्ब्याचं तेल लावलं तर पुरळ उठलं.

बाडाचं लिहिता. अक्का, बाड परक्याला दाखवत नाहीत. थोरले भाऊजीच सांगायचे, जबाब एकदा बाहेर गेला की समोरचा पुढच्या शिमग्याला तोच सवाल उलटा करून मारतो. तुम्ही तर समुद्रापलीकडच्या बाईला देणार. उद्या तिनं कुणाला सांगितलं म्हणजे? आणि दुसरं असं, की बायकांनी नाचात गायचं हे आपल्यात कधी झालं नाही. तुम्ही थोरल्या आहात, मी काय सांगणार.

किल्ली अजून सापडली नाही.

मालन


फहाहील
शनिवार, ३ फेब्रुवारी १९७९

मालन,

आधीच्या पत्रात किल्ली भावोजींकडे होती आणि ते चिपळूणला. आता ते घरी आहेत, गुडघ्याला तेल लावतायत आणि किल्ली हरवली. मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं वाचता येतं मला.

माल्टाची बाई आपल्या शिमग्यात सवाल उलटा करून मारणार? ती काय संगमेश्वरला येणार आहे फड घेऊन? काय लिहितेस ते एकदा वाचून तरी बघत जा.

आता कान देऊन ऐक. कार्मनी चालली. २४ मार्चला. ३१ मार्चला त्यांच्या बेटावरून इंग्रजांचं आरमार निघतंय, शेवटचं. राज्य सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली, पण आरमार बसूनच होतं. ती म्हणते, “त्यांचे शर्ट धुऊन धुऊन माझ्या बोटांची कातडी गेली. ते जाताना मला डोळ्यांनी बघायचेत.” लेकही रजा घेऊन बरोबर जातोय. परत येणार म्हणते, पण या वयात एकदा आपल्या घराच्या पायरीवर बसलं की कोण उठतं? तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

इकडे मी रोज सकाळी चंद्रहास कामावर, शैला दवाखान्यात आणि तारी शाळेत गेली की वर जाते. ती गाते, मी ऐकते. मग ती हाताची घडी घालून माझ्या तोंडाकडे बघते. रोज. तोच सवाल. मी तिला दोन दिवस भोंडल्याचं गाणं म्हणून दाखवलं, तर तिनं मान हलवली, म्हणाली, सुंदर, पण हा जबाब नाही. शब्द कळत नाही त्या बाईला, पण जबाब नाही हे कळतं! एक दिवस मी इथल्या वफ्र्याच्या मळ्यातले टोमॅटो घेऊन गेले, की आज तरी विसरेल. घेतले टोमॅटो आणि घडी घालून उभी.

चंद्रहासनं १६ मार्चला, शुक्रवारी, त्यांना निरोपाचा चहा ठेवलाय. तोपर्यंत मला जबाब पाहिजे. पत्राला पंधरा दिवस लागतात. हिशेब तूच कर.

आणि एक मनातलं लिहिते, राग मान किंवा नको मानू. तू शक्तीवाल्यांच्या घरातली लेक. तुझ्या बापाचा आणि ह्यांचा जन्मभर सामना. तुर्‍याचा जबाब तुझ्या हातानं उतरवायला तुला जड जात असेल तर तसं सरळ लिही. मी पुन्हा मागणार नाही. पण वासरू आणि गुडघा पाठवू नकोस.

मुक्ता


कोंडवाडी
२१ फेब्रुवारी १९७९

अक्का,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. चुलीत घालायला गेले होते, ते परत काढलं.

बाड नाही. किल्ली कधीच हरवली नव्हती. चार वर्षांपूर्वी आमच्या लेकीच्या लग्नाची लुगडी ठेवायला ट्रंक लागली, तेव्हा मी बाड काढून माळ्यावर ठेवलं, फडक्यात बांधून. पुढच्या पावसाळ्यानंतर काढलं तर फडकं तसंच आणि आत वाळवी. वरचं पुठ्ठं आणि मधली माती. हातात धरलं तर सांडलं. मी ते परसात पुरलं आणि कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. तुम्ही कुवेतला निघालात तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणालात, मालन, बाडाकडे लक्ष ठेव. मी हो म्हटलं. तेव्हा ते पुरून दोन वर्षं झाली होती.

तुम्ही माळा माळा करून मला हसलात, ते पत्र मास्तर मोठ्यानं वाचत होते. ‘माळा’ शब्द आला तशी मी उठून गोठ्यात गेले.

आता शक्तीवाल्यांची लेक म्हणालात त्याचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सोळा वर्षांची. पडवीत भाऊजी रचायचे, आणि आपण दोघी मधल्या दाराआड. तुम्ही दमून भिंतीला टेकून झोपायचात, अक्का. मी जागी असायची. कारण सामन्यात समोर माझा बाप उत्तर देणार असायचा आणि मला कळायचं, भाऊजी कुठे अडणार ते. एकदा अडले. देऊळ पडलं तर देव कुठं, तोच सवाल. मी ह्यांच्या कानात एक ओळ सांगितली. ह्यांनी ती आपली म्हणून भाऊजींना दिली. जत्रेत माझा बाप त्या ओळीवर हरला. तुम्हाला वाटतं तो जबाब तुमच्या ह्यांचा. असू दे.

तर तो जबाब तुम्हाला उतरवून देता आला असता, पाठ आहे. बाडातली शंभरेक गाणी पाठ आहेत मला, शब्द न् शब्द. पण तो देवळाचा आहे. तुमच्या बाईचं नाटकघर पडलंय. म्हणून दुसरा केला. भाकऱ्या करताना झाला. आपल्या जाखडी नाचाच्या चालीत बसतो, मी पायानं ठेका धरून बघितलाय.

चिऱ्याचं घर पडलं बाई, कौल राहिलं ना वासा,
गाणं शिरलं दाराआड, बायांनी घेतला वसा.
बाड खाल्लं वाळवीनं, अक्षर झालं माती,
चुलीपाशी पाठ झालं, धूर होता साथी.
ऐक गो दर्यापारच्या, सवाल झाला पुरा,
_____ म्हणे, पदरामधी झाकून ठेवला तुरा.

शेवटी शाहिराचं नाव घालतात. ती जागा कोरी सोडली आहे. भाऊजींचं नाव घाला, तेच रीतीला धरून आहे. ‘विठ्ठल’ तिथं बरोबर बसतं, मी मोजून बघितलं.

वरच्या पट्टीत घ्या. खाली घेतलंत तर तिसऱ्या ओळीला गळा बसेल.

गुडघ्याचं लिहीत नाही.

मालन

ता. क. गणाची तिसरी ओळ मागच्या बाजूला लिहिली आहे.


फहाहील
शनिवार, १७ मार्च १९७९

मालन,

काल आधी कोण आलं म्हणशील तर तुझं पत्र आलं. चंद्रहास सकाळी टपालपेटी बघून आला. मुमताजसुद्धा नंतर आली, चारला. तुझं पत्र मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं. बाहेरून शैला विचारत होती, आई, बरं वाटत नाही का? नळ सोडला मी.

बाडाबद्दल काय लिहू? रडले. वाळवीवर रडले, तुझ्यावर नाही. नऊ वर्षांत आणखी कुणी ते उघडलंसुद्धा नव्हतं, मीही नाही. आणि मी भिंतीला टेकून झोपायचे हे खरं आहे. कुणी बघत असेल असं वाटलं नव्हतं.

आता कालचं. सगळं पालथं झालं. झेप्पी आला तो काखेत तबकडी घेऊन. शैलानं शंकरपाळे ठेवले, चिवडा ठेवला, आणि यंत्र लावलं. ती ऑपेराची बाई जी सुरू झाली ती थांबेना. मी ओळी मनात म्हणते, ती बाई मधे किंचाळते, की माझी दुसरी ओळ गेली. पुन्हा सुरू करते, पुन्हा किंचाळते. कार्मनी समोर हाताची घडी घालून. एक बाजू संपली. मी तोंड उघडलं, तर झेप्पीनं तबकडी उलटी केली. तिला दुसरी बाजूसुद्धा असते! चंद्रहास मान डोलावत होता, साहेब बघतोय म्हणून. मी उठून म्हटलं, मला जरा म्हणायचंय. तो म्हणतो, “आई, नंतर.” नंतर म्हणजे कधी? ती आठ दिवसांनी विमानात बसणार. पाच वाजले, साडेपाच झाले. मला वाटलं, गेलं. चार महिने तुझ्याशी भांडून मिळवलं, आणि गेलं.

तेवढ्यात बाहेर तांबडं झालं. वाळूचं वादळ आलं. आणि गच्चीवर आमचं धुणं, कार्मनीचंही धुणं. आम्ही दोघी एकदम उठलो. धुण्यासाठी उठणाऱ्या बाईला कोण अडवतं? मुमताज पाठोपाठ, गुडघे धरत.

वर वारा असा की चादरी आडव्या. डोळ्यांत माती. कार्मनीनं एका हातानं चादर धरली आणि गच्चीवरूनच, जशी तिकडे गायची तशी, तो सवाल टाकला. मी चिमटे तोंडातून काढले आणि तुझा जबाब दिला. वरच्या पट्टीत. मालन, अर्धे शब्द वाऱ्यानं नेले. चौथ्या ओळीला वाळू घशात गेली आणि मी खोकले. चांगलं झालं असं मी सांगणार नाही. पण तू म्हटलंस तसं वर घेतलं, म्हणून तिसऱ्या ओळीला गळा बसला नाही, उभा राहिला. मग शेवटची आली. ह्यांचं नाव तोंडावर होतं. बेचाळीस वर्षांची सवय. तोंड उघडलं आणि म्हटलं,

मालन म्हणे, पदरामधी झाकून ठेवला तुरा.

तेसुद्धा बरोबर बसतं. मोजायला लागलं नाही.

मागे वळून बघते तर गच्चीचं दार चार बोटं उघडं, आणि त्या फटीत चंद्रहास, त्याच्या खांद्यावरून झेप्पी, खाली तारीचं डोकं. दाराआड बाप्ये उभे! मी त्यांना आत या म्हटलं नाही. घेऊ देत थोडी वाळू डोळ्यांत.

चंद्रहासनं एवढंच विचारलं, “आई, बाबांचं नाव नाही घेतलंस?”

मी म्हटलं, “हे बाबांचं नव्हतं.” तो चादरीचं दुसरं टोक धरायला आला. घडी उलटी घातली, पण घातली.

मुमताजनं कार्मनीला जबाब समजावला, अरबीत, हातवारे करून. वाळवी तिला सांगता येईना, तर बोटांनी वळवळ करून दाखवली. कार्मनीनं ऐकलं, आणि पहिल्यांदा हाताची घडी सोडली. माझा हात घेतला, समेटाचं कडवं म्हटलं. ते मुमताजला नीट कळलं नाही. एवढंच म्हणाली, त्यात पायरी आहे आणि दार आहे. मग कार्मनीनं विचारलं, मालन कोण? मी मुमताजला म्हटलं, सांग तिला, माझी जाऊ, आणि आमच्याकडची शाहीर. मुमताजला शाहीरची अरबी बरोब्बर आली. तोच शब्द आहे म्हणे.

खाली गेल्यावर चंद्रहास चहा गाळायला बसला. यंत्र बंद होतं. कुणी चालू केलं नाही. पण झेप्पी तबकडी इथंच विसरून गेलाय, आणि मला भीती आहे ती मुद्दाम.

ते २४ला निघतात. निघता निघता कार्मनीनं पायरीवर थांबून दुसरा सवाल टाकलाच. जन्मभर ज्यांचे शर्ट धुतले ते बोटीत बसून गेले, दोरी रिकामी झाली. सांग शेजारणी, आता दोरीवर वाळत काय घालू? मी पुन्हा ‘हूं हूं’ केलं. तू भाकऱ्या करशील तेव्हा बघ.

ईस्टर झाल्यावर येतो म्हणाली, लेकानंही मान हलवली. तारीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केलाय. शुक्रवार, २७ एप्रिल, चहा साडेचारला. मुमताज चारला येईल.

मुक्ता